कापलेलं रबर जुळतं, अण्णा

प्रिय अण्णा,

उद्या दुपारी समिती बसणार आहे. माझा संशोधनाचा विषय ठेवायचा की रद्द करायचा, ते ठरेल. आईला सांगितलं तर ती नवस बोलेल. म्हणून तुम्हाला लिहिते. तुम्ही निदान वाद तरी घालायचात!

आठवतं? जयनगरच्या आपल्या दुकानात गिऱ्हाइकांसमोर म्हणालात, "आमची मेधा कापलेलं रबर जोडते. कोपऱ्यावरचा पंक्चरवालाही तेच करतो, त्याला कोणी डॉक्टर म्हणत नाही!" सगळे हसले.

अण्णा, तो सोल्युशन लावतो. माझ्या रबराला काहीच लावायचं नाही. त्याच्या आत रेणूंच्या लांब साखळ्या असतात. त्या हलल्या तर कापाच्या पलीकडे जाऊन एकमेकींत गुंततात. फार सैल ठेवल्या तर रबर लिबलिबीत होतं. फार घट्ट ठेवल्या तर काप मिटत नाही. किती हलू द्यायचं, एवढंच माझं काम.

तुम्ही गेल्याचा फोन प्रयोगशाळेत आला, तेव्हा मी नुकतीच पट्टी कापली होती. दोन्ही तुकडे टेबलावर टाकून निघाले. तेरावं आटोपून परतले आणि ते एकमेकांवर दाबून ठेवले. जुळलेच नाहीत. माझे मार्गदर्शक सर म्हणाले, "बघितलंस? हे होणार नाही. स्वल्प नमतं घे, विषय बदल."

तुमचेच शब्द, तो कानडी 'स्वल्प'सुद्धा! पुण्याचं स्थळ नाकारलं तेव्हा तुम्हीही हेच म्हणाला होतात. मग कित्येक महिने अबोला. का, अण्णा? नकार स्थळाला होता, तुम्हाला नव्हता.

मी नवी पट्टी कापली, लगेच जोडली. संध्याकाळी दोन्ही हातांनी ओढली, सुटली नाही. पुन्हा पुन्हा करून पाहिलं. आधीचे तुकडे फार काळ उघडे राहिले होते. कापलेल्या बाजूची मोकळी टोकं आपापसांतच गुंतून बसली होती. पलीकडे जायला कोणी उरलंच नव्हतं. सर याला अपयश म्हणतात, मी नियम म्हणते. आणि यावरून आपल्या अबोल्याचा अर्थ काढू नका. तसल्या उपमा तुम्हाला आवडायच्या, मला नाही.

उद्या सकाळी ताजी पट्टी कापून जोडीन आणि दुपारी समितीच्या हातात देईन. ओढू देत हवी तेवढी! तुटली, तर कुठून तुटली ते बघून साखळ्या पुन्हा बेतीन. पण विषय सोडणार नाही. हा माझा शब्द, तुम्हाला पटो न पटो.

तुमची,
मेधा