मथुरेच्या दम्यामुळे राहिलेला गोपाळगड

ता. ३ नोव्हेंबर १९३५, रविवार. सकाळी ९.

नवी वही. हिच्यात फक्त माझ्या मोहिमांची नोंद व्हायची आहे. कोर्टात दिवसभर नक्कल कारकुनी करतो, निदान घरी तरी स्वतःचं काही लिहावं.

आधी पार्श्वभूमी. मी मूळचा रानावनात भटकणारा माणूस. म्हणजे वृत्ती तशी. १९२३ साली लग्न झालं नसतं तर रत्नागिरी जिल्ह्यातला एक किल्ला शिल्लक ठेवला नसता. पण मथुरा घरात आली ती दमा घेऊनच. तेव्हापासून बारा वर्षं खिडक्या लावून तिला जपतो आहे. लग्नाच्या साली तिला अंजनवेलचा गोपाळगड दाखवायचं कबूल केलं होतं. तो दर नाताळच्या सुट्टीत राहतो. कारण : मथुरेचा दमा. तक्रार नाही, नुसती नोंद.

काल तिला नव्या डॉक्टरांकडे नेलं. वय अठ्ठावीस, मिशी नाही. म्हणाले, बाईंना कोंडून ठेवू नका, रोज चालू द्या, चढू द्या. कुठे थांबायचं ते त्यांचं त्यांना कळेल. दमा काही जाणार नाही, पण म्हणून बाईंनी कुठे जायचं नाही असं कोणी सांगितलं? मी सांगितलं होतं, पण बोललो नाही.

घरी आल्याबरोबर मथुरेने तीन खिडक्या उघडल्या. चौथी गंजली आहे.

शेजारच्या गोदूबाई लगेच हजर. मुलींच्या शाळेत मास्तरीण आहेत, विधवा, वय पन्नास, चालणं असं की वाटेतल्या माणसाने बाजूला व्हावं. त्यांचे भाऊ आप्पा अंजनवेलला असतात. म्हणाल्या, नाताळात मी जात्येय, तुम्ही दोघं चला, गोपाळगड करू. मथुरा माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, तुझ्या दम्यावर आहे सगळं. ट्रेनिंग मी स्वतः देणार. उद्या पहाटे पाचला सुरुवात.

ता. ४.

पहाटे दव फार होतं. मथुरेला बाधेल म्हणून उठलो नाही. ती उठली होती.

ता. ७, गुरुवार.

मोहीम पहिली. मांडवी बंदरापर्यंत जाऊन परत. कॅनव्हासचे बूट, काठी, थर्मास. रीतीप्रमाणे मी पुढे, मथुरा दहा पावलं मागे. जाताना उतार, उत्तम वेग.

येताना आमच्या आळीची पाखाडी चढायची, जांभ्या दगडाच्या नव्वद पायऱ्या. विसाव्या पायरीवर मी बुटाची नाडी बांधायला वाकलो, तेवढ्यात मागून मथुरा म्हणाली, अहो, जरा थांबायचं का, मला धाप लागली. थांबलो. बिचारी! पुढे आणखी चार वेळा थांबलो. प्रत्येक वेळी तीच म्हणाली. माझाही श्वास थोडा जोरात चालला होता, पण तो काळजीने.

तिची शांतता मात्र मानली पाहिजे. दमा लागलेला असताना दगडी गडग्याला टेकून शेजारणीशी लोणच्याबद्दल बोलत होती.

ता. १०, रविवार.

भगवतीचा किल्ला. निम्म्या चढावरून परत. कारण : मथुरेचा दमा. मी म्हटलं, तुझ्यासाठी माघार घेतो, त्यात कमीपणा कसला? ती म्हणाली, तुम्ही घोटभर पाणी प्या आधी.

ता. १३.

गुडघा धरला. कमिटीने, म्हणजे मी, आजची मोहीम रद्द केली. मथुरा गोदूबाईंबरोबर गेली.

सायंकाळी. गोदूबाईंनी कुंपणावरून रिपोर्ट दिला. दोघी भगवतीच्या किल्ल्यावर जाऊन, पार दीपगृहापर्यंत फिरून आल्या. मी विचारलं, मथुरा किती वेळा बसली? म्हणाल्या, बसायला काय झालं, आपल्या बेतानं चढत होती. मथुरेने येताना पदरात शिंपले आणलेन आणि ते माझ्या टेबलावर मांडलेन.

मला हेवा वाटला. हेवा नव्हे, आश्चर्य. माझ्याबरोबर असली की पाच वेळा दमा आणि गोदूबाईंबरोबर एकदाही नाही! याचा अर्थ एकच. माझा वेग तिला झेपत नाही. उद्यापासून हळू चालायचं.

ता. १४.

हळू चाललो. सहा वेळा धाप लागली तिला.

ता. १९.

कोर्टात हेडक्लार्क काशीरामपंतांनी भर ऑफिसात विचारलं, तुमच्या घरातून किल्ल्यावर जाऊन आल्या म्हणे! दमा असून! धन्य आहे बाईची. मग म्हणाले, तुम्ही नव्हतात वाटतं? मी म्हटलं, सगळा प्रोग्रॅम माझाच. कोणी ऐकलं नाही.

ही काय रीत झाली? दमा तिला, आणि कौतुकही तिलाच. बारा वर्षं खिडक्या मी लावल्या. मी उद्या एव्हरेस्ट चढलो तरी म्हणतील, यात काय, धडधाकट माणूस आहे. जळफळाट होतो नुसता. इथे लिहायला हरकत नाही, वही कुलपात असते.

ता. २१.

मनात एक शंका. मलाही दमा असावा. बारा वर्षांचा सहवास आहे. लक्षणं जुळतात : चढावर छाती भरते, तोंड सुकतं, पाय नको म्हणतात.

ता. २२.

डॉक्टरांकडे जाऊन आलो. तीन मिनिटांत तपासलं. मथुरेला पंधरा मिनिटं दिली होती. म्हणाले, हरिश्चंद्रराव, तुमची छाती एकदम ठणठणीत. बसून बसून अंग जड झालंय, बाईंबरोबर चालत जा. मी म्हटलं, बारीकसा तरी असेल, नीट बघा. हसले. या माणसाला मिशी का नाही ते आता कळलं.

मथुरेला सांगितलं, डॉक्टरांना निदान जमत नाही.

ता. २४, रविवार.

भाट्याची खाडी तरीने ओलांडून पलीकडच्या पुळणीवर.

पुळणीवर अर्धा मैल गेलो असू. वारा गार होता. मागून एक आवाज आला, बासरीत वाळू गेल्यासारखा. वळून पाहिलं तर मथुरा वाळूत बसलेली, दोन्ही हात गुडघ्यांवर, खांदे वर आलेले, ओठ काळसर. मी ओरडलो. आधी होडीकडे धावलो, मग सुरूंच्या झाडांकडे धावलो, का ते माहीत नाही. एक बूट वाळूत राहिला. परत आलो तर तिने कमरेची पिशवी सोडून डॉक्टरांची गोळी घेतली होती आणि थर्मासमधल्या गरम चहाचे घोट घेत होती. एक बोट वर करून मला गप्प बसवलंन. मग मी तिच्या शेजारी बसून राहिलो. फार भ्यालो होतो. ती गेली तर, असं मनात आलं आणि पुढचं काही सुचेना.

अर्ध्या तासाने श्वास जागेवर आला. मी लगेच सांगितलं, संपलं, उद्यापासून खिडक्या बंद, गोपाळगड रद्द. तर हसली. म्हणाली, घरात काय झटके येत नव्हते? तिथे छप्पर बघत बसायची, इथे समुद्र तरी दिसला. मग उठली आणि टोकापर्यंत जाऊन आली. मी बूट शोधला.

एक गोष्ट खटकली. आजचा दमा दहा हातांवरून ऐकू येत होता. पाखाडीवरच्या दम्याला आवाजच नसतो. दम्याचे प्रकार असतील.

ता. ८ डिसेंबर, रविवार.

दोन आठवडे मथुरा गोदूबाईंबरोबर रोज जाते. मी नाही. कारण : गुडघा, कामाचा बोजा, मंगळवार.

आज तिला स्पष्ट सांगितलं, गोपाळगड तुझ्या प्रकृतीला झेपणार नाही, मी नेणार नाही. ती भाजी चिरत होती. म्हणाली, बरं, मग गोदूबाईंबरोबर जात्ये. तुमचं जेवण खानावळीत सांगून ठेवू का?

बारा वर्षांत पहिल्यांदा असं बोलली! आणि तेही विळीवरून मान वर न करता. गोपाळगड माझा. माझ्या डोक्यातला, माझ्या कबुलीतला. तो मथुरेने माझ्याआधी बघायचा आणि मी इथे आमटी ओरपायची? मुळीच नाही. जाणार. लीडर म्हणून जाणार आणि वर पहिला मीच पोहोचणार. कॅज्युअल लीव्ह टाकली.

ता. १५, रविवार.

गुप्त सराव. पाखाडी एकट्याने. आज थांबायला कोणाचा दमा नाही, एका दमात नव्वद.

चाळिसाव्या पायरीवर बसलो. सवयीने बसलो असेन. टोपली डोक्यावर घेऊन आमच्या आळीत मासे विकणारी मैना कोळीण चढत आली. टोपली उतरवून म्हणाली, भाऊ, कोणाला हाक मारू काय? मी म्हटलं, निसर्ग बघतोय. म्हणाली, वैनी नाय वाटतं आज? त्या असल्या म्हंजे तुमाला बसवत बसवत बरोबर आणतात. आणि टोपली उचलून तरातरा गेली.

अडाणी बाई. कोण कोणाला बसवतं ते तिला काय कळणार?

ता. २५. अंजनवेल.

सकाळच्या आगबोटीने दाभोळ, तिथून होडीने इथे. बोट लागली. मला. मथुरा कठड्याशी उभी राहून गोदूबाईंना गावं विचारत होती.

आप्पा पासष्टीचे, अंगाने काटकुळे. दारात पाय ठेवल्यापासून मथुरेचीच सरबराई. वहिनींना गरम पाणी, वहिनींना वाऱ्याची बाजू नको. मला विचारलंन, तुम्ही काय, ठीक ना? ठीक! माझी आतडी दाभोळच्या खाडीत राहिली आहेत.

उद्या दाखवतो.

ता. २६, गुरुवार. दुपारी. आप्पांच्या पडवीत.

जे घडलं ते लिहितो.

सकाळी सातला निघालो. मी पुढे, मथुरा मागे, तिच्यामागे गोदूबाई आणि आप्पा. गडाचा चढ काही मोठा नाही असं आप्पा म्हणाले होते. पहिल्या वळणाला मथुरा म्हणाली, थांबू या का, मला धाप लागली. थांबलो. दुसऱ्या वळणाला तेच. तिसऱ्याला आप्पा तिच्यासाठी तांब्या घेऊन पुढे आले, गोदूबाई पदराने वारा घालायला लागल्या. मी तिथेच उभा, घामाने भिजलेला, मला कोणी पाणी विचारलं नाही. मस्तक फिरलं. सगळ्यांदेखत बोललो, तुझ्या दम्यापायी बारा वर्षं मी कुठे गेलो नाही, आजही तूच आडवी येतेस. बस तू इथे. मी जातो.

मथुरा खाली बघत बसली.

मी गेलो. फार तर चाळीस पावलं. मग कातळावर बसलो, म्हणजे पाय आपोआप बसले. डोळ्यांपुढे काजवे, कानात नगारा, तोंडातून शब्द फुटेना. वळून पाहिलं. मथुरा वर आली होती. श्वास अगदी सरळ. पण माझ्या पुढे गेली नाही. दहा पावलं मागे येऊन उभी राहिली आणि म्हणाली, अहो, मला जरा…

गोदूबाईंना राहवलं नाही. पुरे झालं, मथुरा! म्हणाल्या, अहो हरिश्चंद्रराव, हिला कसली धाप? पहिल्या दिवसापासून तुमची छाती भात्यासारखी हलायला लागली की ही आपली धाप काढते. चारचौघांत तुम्हाला बसता यावं म्हणून.

मथुरेने त्यांच्याकडे असं पाहिलंन की शाळामास्तरीण असून त्या गप्प झाल्या.

मी विचारलं, खरं का? ती म्हणाली, दमा माझ्याकडे आहेच ना. वापरला तुमच्यासाठी, त्यात काय एवढं.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, तू हो पुढे. तिला ऐकू आलं नाही असं वाटलं म्हणून पुन्हा म्हटलं. मग ती माझ्या अंगावरून पुढे गेली. लग्नानंतर पहिल्यांदा. बघत राहिलो. वीस पावलं चालायची, उभी राहायची, चार श्वास मोजायची, पुन्हा वीस. कोणी सांगायला नको, विचारायला नको. ही तिची खरी चाल. बारा वर्षांत मी पाहिली नव्हती, कारण ती कायम माझ्या मागे होती.

शेवटच्या वळणावर तिने हात केला. मीही केला. उठलो मात्र नाही. तासाभराने सगळी खाली आली तेव्हा मी त्याच कातळावर होतो. मथुरेचा चेहरा मुलीसारखा झाला होता. तटावरून खाडी, समुद्र, सगळं एकदम दिसतं म्हणाली. खंदक केवढा आहे ते हात पसरून दाखवलंन. पुढच्या खेपेला तुम्ही बघाल, असंही म्हणाली.

गोपाळगड राहिला. कारण : मी बसलो.

ता. ३१ डिसेंबर. रत्नागिरी.

ऑफिसात काशीरामपंतांनी विचारलं, कसा काय गोपाळगड? मी मथुरेकडून ऐकलेला खंदक हात पसरून दाखवला. ते म्हणाले, वा! आणि बाईंना कितपत जमलं? मी म्हटलं, जरा थांबत थांबत.

दिवसभर नक्कल करताना तेच वाक्य मध्ये येत होतं. हे बरं नाही. नव्या वर्षाचा संकल्प, एकच आणि पक्का : चारचौघांत खरं सांगायचं. धाप मला लागते. पहिला जो भेटेल त्याला सांगायचं. वहीवर हात ठेवून लिहितो आहे.

ता. १ जानेवारी १९३६, बुधवार.

सकाळी पाखाडी. मथुरा पुढे, मी मागे. अठ्ठाविसाव्या पायरीवर थांबलो. ती वरून उतरून माझ्याजवळ आली. तेवढ्यात टोपली घेऊन मैना आली. म्हणाली, काय वो वैनी, कोणाला दम लागला?

मथुरा माझ्याकडे बघत होती. पुष्कळ वेळ दिला तिने.

मी बुटाची नाडी बांधायला वाकलो.

मग तीच म्हणाली, मला गं, दुसऱ्या कोणाला, दमा आहे ना माझा मेला.

नाडी सुटलेली नव्हती.