बाम आत, सुई बाहेर

तीर्थरूप आत्या,

साष्टांग नमस्कार (कंबर धरली आहे, तेव्हा उभ्यानेच घालते). तुझी तब्येत विचारत नाही, ती आतोबांनी सांगितली. फोनवर मी 'इंजेक्शन' म्हटलं की नेमकं तेव्हाच तुला ऐकू येईनासं होतं, म्हणून हे पत्र.

हाडं ठिसूळ झालीत, पुन्हा पडलीस तर महागात पडेल, असं डॉक्टर म्हणतात. आणि तू म्हणतेस, "भाची बिनसुईचं औषध काढतेय, तोवर थांबते." बाई गं, इतका विश्वास आमच्या साहेबांचासुद्धा माझ्यावर नाही!

तर आमच्या प्लाझ्माच्या यंत्राचं ऐक. हा प्लाझ्मा रक्तातला नव्हे (आतोबांनी आपला रक्तगट कळवायची गरज नव्हती). वायूत वीज सोडली की जांभळट झोत निघतो, हाताला गारच लागतो. तो कातडीवर फिरवला की तिची बंद दारं काही तास किलकिली होतात आणि वर लावलेलं मलम आत शिरतं. आजवर आम्ही डुकराच्या कातडीवर भागवलं. परवा माणसाची हवी झाली, तेव्हा साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि सगळ्यांनी माझ्याकडे. रीतसर सही करून मी हात पुढे केला. एका जागी झोत आणि वर बधिर करणारं मलम, शेजारी तुलनेसाठी नुसताच झोत. मलम लावलेली जागा अशी बधिर झाली की चिमटे काढून सगळे दमले.

दुसरी जागा मी विसरले. घरी नवऱ्याच्या पाठीला तू दिलेला बाम चोळताना थोडा तिथे लागला. आजवर ज्या बामाने कुणाच्या दुखण्याच्या केसालाही धक्का लावला नव्हता, तो थेट आत पोहोचला! मी अशी उडाले की कंबर टेबलावर आपटली. नवरा म्हणतो, "आत्याच्या बामात दम आहे की!"

पण तुझं औषध या दारातून जायचं नाही. त्याचा रेणू फार मोठा. बोळातून कपाट न्यायची गत. पुढेमागे जमेलही, पण तुझी हाडं तोवर थांबणार नाहीत. मला तुझी फार काळजी वाटते गं.

तुझी,
भाची

ता. क. : बधिर करणारं मलम मात्र झकास आत जातं. साहेबांची आणि तुझ्या डॉक्टरांची परवानगी काढली आहे. शनिवारी छोटं यंत्र घेऊन दवाखान्यात येते, आधी तुझा दंड बधिर करते, मग सुई. नाही म्हणू नकोस.

पुन्हा ता. क. : टोचतील नर्सबाई. मला सांगू नकोस, सुई दिसली की मला घेरी येते. उगाच नाही या धंद्यात पडले! बाबा म्हणतात, मी तुझ्यावरच गेलेय. तेव्हा दुसरा हात मोकळा ठेव, मला धरायला लागेल.