चिमणीच्या दातांनी

रविवार, ५ जानेवारी २०२५
डाळज

पोचले एकदाची! लोणी भापकरहून बारामती, बारामतीहून भिगवण, आणि तिथून पुढे दीपकदादांच्या मोटारसायकलवर मागे बसून. मांडीवर बॅग, बॅगेवर आईनं दिलेला चटणीचा डबा. घर हायवेपासून आत, उसाच्या मधोमध. मागे धरणाचं पाणी पसरलंय आणि त्यात लांब मानेचे गुलाबी पक्षी उभे असतात. नकूला फोटो पाठवला तर लगेच तिचा फोन आला. नकू म्हणजे आमची धाकटी नकोशी. नाव आजोबांनी ठेवलं, पण तिच्यावाचून घरात कुणाचं पान हलत नाही. बोलायला माझ्याहून वरचढ.

काम सोपं आहे. मल्हार पाच वर्षांचा. घशाला स्ट्रेपची लागण झाली होती, ताप आता उतरलाय, पण औषध चालू आहे आणि खाणंपिणं नीट बघायचंय. त्याची आई राजेश्वरीवहिनी पोटुशी, म्हणून डॉक्टरांनी त्यांना लांब राहायला सांगितलं. त्याचे वडील दीपकदादा बारामतीला एमआयडीसीत कामाला जातात. या घरात माझी सख्खी सिंधूमावशी कितीतरी वर्षं स्वयंपाक करते. तिनंच माझं नाव सुचवलं.

वहिनी म्हणाल्या, आम्हाला बोलकीच मुलगी हवी होती. मला हसू आलं. शाळेत बडबडीपायी किती वेळा अंगठे धरून उभी राहिलेय मी! त्या बडबडीला आज पहिल्यांदा कुणीतरी गुण म्हटलं.

जेवायला बसले तर पुढ्यात कोरं स्टीलचं ताट, काठावर नाव घातलेलं: योगिनी. आमच्या घरी वाटी-चमच्यापर्यंत सगळ्यावर आजोबांचं नाव. माझ्या नावाचं भांडं जन्मात पहिल्यांदा पाहिलं. फार बरं वाटलं.

गोठ्यात राबणाऱ्या कुशाबाई भाकरी न्यायला आल्या होत्या. माझं ताट बघून भाकरी तशीच ठेवून निघून गेल्या. त्या मुक्या आहेत. मावशी म्हणाली, जन्मापासूनच.

सोमवार, ६ जानेवारी

मल्हार गोड आहे. सकाळी औषध, मग कोमट मिठाच्या पाण्याच्या गुळण्या. गुळण्या करताना निम्मं पाणी माझ्या अंगावर. जुना दातांचा ब्रश फेकून नवा आणायला लावला. त्याची भांडी वेगळी केली. मऊ भात, वरून तूप. ताप उतरला की औषधाची बाटली कपाटात सारायची आपल्याकडे खोडच असते. इथे मी बजावून सांगितलं की बाटली संपेपर्यंत द्यायचं म्हणजे द्यायचं. अर्धवट सोडलं तर पुढे हृदयापर्यंत जातं.

त्याचा आवाज मात्र फार घोगरा आहे. डोळे मिटून ऐकलं तर एखादी म्हातारी बोलतेय असं वाटावं. सूज असेल अजून.

इथे एक विचित्र रीत आहे. मल्हारच्या ताटात उरलेला शेवटचा घास त्याला सांभाळणाऱ्या बाईनंच खायचा. मावशीनं ते असं सांगितलं जसं काही मीठ कुठे ठेवलंय ते सांगतेय. मी म्हटलं, मावशे, मी नर्स आहे. आजारी पोराचं उष्टं खाऊन मीच आडवी झाले तर मला कोण बघणार? उरलेला भात मी गुपचूप टिपूला घातला. दारातला कुत्रा. येणाऱ्या-जाणाऱ्यावर भुंकून घर डोक्यावर घेतो.

बुधवार, ८ जानेवारी

टिपू भुंकत नाही. काल संध्याकाळपासून नुसता तोंड उघडतो आणि मिटतो. अंगणात दूधवाला आला तर साखळी ताणून उभा राहिला, जबडा हलत होता, आवाज नाही. घशात हाड अडकलं असेल म्हणून मी टॉर्च लावून पाहिलं. काही नव्हतं.

मल्हारला मात्र कुत्र्याची नक्कल झकास जमते. खिडकीत बसून असा भुंकला की मी चमकून मागे वळले. मग दोघंही हसलो.

ही गंमत जेवताना सांगितली आणि वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. त्याचं उष्टं कुत्र्याला घातलंस का, असं त्यांनी तीन-तीनदा विचारलं. मी हो म्हटलं. त्या मावशीवर अशा ओरडल्या की मला कानकोंडं झालं. उष्ट्या भातासाठी एवढं? मावशीनं खाली मान घालून ऐकून घेतलं. नंतर मला जवळ घेऊन रडली. म्हणाली, "तुजा काय दोष न्हाय गं बाय."

शुक्रवार, १० जानेवारी

भुंकणं दोन दिवसांत विरलं. मल्हारचा तो म्हातारा आवाज परत आला आणि आता त्यालाही चिरा पडल्यात. घसा आत स्वच्छ दिसतो. गाठीही उतरल्या. मग आवाज का बसतोय?

दुपारी तो पायरीवर बसून कोंबड्यांना बोलवत होता. "आ… आ… या गं माज्या बायांनो, या." पाच वर्षांचं पोर असं बोलत नाही. गोठ्याच्या दारात कुशाबाईंच्या हातातली बादली पडली. त्या सरळ माझ्याकडे आल्या, मल्हारकडे बोट दाखवलं, मग तेच बोट स्वतःच्या गळ्यावर ठेवलं. पुन्हा पुन्हा. मावशीनं त्यांना दंडाला धरून बाहेर नेलं. वय झालं की डोकं फिरतं म्हणाली.

मला इथे आता बरं वाटत नाही. पण मल्हार माझं बोट सोडत नाही, आणि बाटलीत अजून औषध आहे.

मंगळवार, १४ जानेवारी
संक्रांत

आज जरा हायसं वाटलं. मल्हार तिळाचा लाडू घेऊन आला. मी नको म्हणून मान हलवली, तर त्यानं लाडू सदऱ्याच्या टोकात गुंडाळला, वरून दातांनी कटकन तोडला आणि अर्धा माझ्यापुढे धरला. चिमणीच्या दातांनी तोडलाय, उष्टा न्हाय, म्हणाला.

मला भरूनच आलं. लहानपणी मावशी मला आणि तिच्या सोनमला एकच पेरू असाच पदरात धरून तोडून द्यायची. मधे कापड असलं की उष्टं होत नाही, हे मला तिनंच शिकवलं. सुट्टीभर आम्ही दोघी तिच्या पदराला चिकटलेल्या असायचो. मल्हारला विचारलं, तुला कुणी शिकवलं रे? तर म्हणाला, सिंधूआजीनं.

एवढं शिकूनसवरून मी तो लाडू खाल्ला. सदऱ्याचं टोक थुंकीनं ओलं होतं ते तोंडात गेल्यावर कळलं.

मावशी दारात उभी होती. पदर तोंडाला लावून रडत होती. तिलाही तेच दिवस आठवले असतील.

बुधवार, १५ जानेवारी

घसा बसला. लागलं शेवटी! दुखत मात्र नाही. ताप नाही. बोलायला गेलं की अर्धा शब्द आतच राहतो.

मल्हार सकाळी खणखणीत हसला. घोगरेपणा पार गेलाय. कुठे ऐकलंय हे हसणं?

गुरुवार, १६ जानेवारी

बारामतीला जाऊन आले. डॉक्टरांनी घसा पाहिला, तपासणी केली. काही नाही. अगदी स्वच्छ. विश्रांती घ्या म्हणाले. तिथूनच घरी जायला हवं होतं. पण दोन वेळचं औषध उरलं होतं, म्हणून परत आले. मीच मूर्ख.

दारातून मल्हारनं हाक मारली. "आलीस का गं बाई!" हे मी म्हणते. नकूला. फोनवर. रोज.

ते माझं हसणं होतं.

शुक्रवार, १७ जानेवारी

वाफ घ्यायला मोठं पातेलं काढत होते. फळीवर मागे दोन ताटं सापडली. एक जुनं, घासून पातळ झालेलं: कुशाबाई. दुसरं कोरं, दुकानाचा कागद अजून चिकटलेला: सोनम.

ताट मावशीपुढे आपटलं. आवाज निघतच नव्हता, ताटावर बोट आपटत राहिले. मग तिनं सांगितलं. मल्हार तान्हा असताना तापात त्याचा आवाज गेला. तेव्हापासून जो त्याचं उष्टं खाईल त्याचा आवाज तो घेतो. कुशाबाईचा घेतला होता. तो या दुखण्यात जळाला. कुत्र्याचा टिकत नाही. माणसाचाच लागतो, आणि बोलक्या माणसाचा. वहिनींनी सोनमला मागितलं होतं. ताटही आणलं होतं.

"सोनीचं लगीन ठरलंय गं. मुक्या पोरीला कोण करून घील? तू शिकल्याली हायस. तुजं कुठं अडतंय?"

पदरात पेरू धरणारी माझी मावशी. तिनं केसानं गळा कापला माझा. मी कुणाचं उष्टं खाणार नाही, आणि कसं दिलं तर खाईन, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

शनिवार, १८ जानेवारी

आवाज गेला. पूर्ण.

फोन उशाला होता. आता नाही. वहिनी शांतपणे म्हणाल्या, इथेच राहा, दोन वेळचं जेवायला मिळेल. कुशाबाई राहिल्याच की.

मावशी भिगवणहून आली. पिशवीत काहीतरी गोल, चपटं. ओढून पाहिलं. नवं ताट. हातातून हिसकावलं तिनं, पण पहिली दोन अक्षरं वाचली — नको —

वहिनींच्या पोटातलं बाळ. त्यालाही लागणार का? त्यालाही —

नाही. ती नाही. माझी नकू नाही.

रविवार, १९ जानेवारी

दाराला बाहेरून कडी. धक्के मारून खांदा सुजला. कुशाबाई खिडकीशी आल्या, रडल्या, त्यांना कुणीतरी ओढलं —

अंगणात माझा फोन वाजला. आईची रिंग. कुणीतरी उचलला. स्पीकरवर —

माझा आवाज.

"व्हय आई, बरी हाय मी. घसा? न्हाय गं, खणखणीत हाय, ऐक की!" आणि हसणं. माझं. मागून मावशी हळू आवाजात शब्द सांगतेय, आणि तो ते माझ्या आवाजात —

ओरडतेय मी. तोंड उघडतंय. आई, ती मी नाही, आई —

"काम लय हलकं हाय. वहिनीला आता बाळ व्हनार, हितं अजून एक बोलकी पोरगी पायजे. आपल्या नकूला धाड की."

आई हसली. किती दिवसांनी माझा आवाज ऐकून बरं वाटलं म्हणाली. म्हणाली, ती तर कवापासून बॅग भरून बसलीय, उद्या सकाळच्याच एसटीनं तिला —