उड्डाणाआधीचा गोवर

२ एप्रिल १९७०, आष्टा

अंगावरचं पुरळ गेलं! तीनच दिवस राहिलं. जाऊबाईंच्या मंदाला पंधरवड्यापूर्वी उठलं होतं तसंच — बारीक, गुलाबी. तिला मांडीवर घेऊन मीच लिंबाच्या डहाळीनं वारा घालत होते. ताप किरकोळ. आत्याबाई म्हणाल्या, "गोवर न्हवं ह्यो, गोवराची धाकटी भन."

दिवस गेल्याला दोन महिने उलटले. लग्नाला सात वर्षं, आणि आता कुठं! ह्यांना अंबाल्याला पत्र टाकलंय. पलटणीत पेढे वाटले असतील.

५ एप्रिल

परीक्षा तोंडावर, तरी नववीच्या मुलींना अपोलो-१३ चं भित्तिपत्रक हवंच आहे. बसले लिहायला. चंद्रावर जाणारे तिघं, त्यांच्यामागं राखीव तिघं. राखीवांनीही सगळं तेवढंच शिकायचं — नकली यानात बसून बटणं दाबायची, तो अवजड पोशाख चढवून दगड उचलायचे. आणि शेवटी खालीच राहायचं! रॉकेट छत्तीस मजली. मुलींना कसं सांगू? आमच्याकडं सगळ्यात उंच म्हणजे कारखान्याचं धुराडं.

९ एप्रिल

राखीव तिघांतल्या एकाला गोवर! कुणाच्या तरी मुलाकडून लागला म्हणे. सगळ्यांचं रक्त तपासतायत.

११ एप्रिल

जाणाऱ्यांतल्या एकाला काढलं. बाकी दोघांना गोवर पूर्वी येऊन गेलाय, त्याला नाही. वर गेल्यावर उठला तर? म्हणून राखीवांतला माणूस घेतला, घाईघाईनं तिघांचा एकत्र सराव करून घेतला. मी शिक्षकांच्या खोलीत पेपर मोठ्यानं वाचत होते. 'हा जर्मन गोवर. तीन दिवस गुलाबी पुरळ, कानामागे गाठी. मोठ्या माणसांना त्रास थोडा. मात्र गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झाल्यास पोटातील मुलाला—'

तिथंच थांबले. चित्रकलेच्या अंबूबाई म्हणाल्या, "वाचा की वो पुढं!"

कानामागं हात गेला. गाठ अजून आहे.

१३ एप्रिल

ते काल उडाले. मी आज सांगलीला गेले, एस.टी.नं, एकटीच. घरी सांगितलं, कापड आणायचंय.

डॉक्टरीणबाईंनी सगळं ऐकलं. मग चष्मा काढला. "हे तुम्हाला सांगितलं कुणी?"

"पेपरात आलंय. चंद्रावर जाणाऱ्यांच्या बातमीत."

मग म्हणाल्या, "डोळे, हृदय, कान — कशालाही धक्का पोचू शकतो. किंवा काहीच होणार नाही. आत्ता कळायला मार्ग नाही."

"रक्त तपासून?"

"इथं सोय नाही. आणि कळलं तरी — कायद्यानं मला काही करता येत नाही, बाई."

पाडायची सोय असती तर मी 'हो' म्हणाले असते का? सात वर्षांनी? बसस्टँडवर बसून राहिले. दोन गाड्या गेल्या.

१४ एप्रिल

यानात स्फोट! चंद्र राहिला, आता जिवंत परत येतात का एवढंच. संध्याकाळी रेडिओपुढं सगळी आळी. आज आत्याबाईंना सांगून टाकलं. सगळंच. त्या पदर सावरत म्हणाल्या, "आगं, त्या मानसाला गोवराच्या भ्यानं खाली उतरीवलं, म्हनून त्यो वाचला न्हवं? देवीची मायाच हाय ती. तू कशापायी रडतीस?"

जाऊबाई मात्र भिंतीला टेकून उभ्या होत्या. "माज्या पोरीमुळं व्हय वो?" एवढंच बोलल्या. मला 'नाही' म्हणता आलं नाही. म्हणायला हवं होतं.

१८ एप्रिल

उतरले! तिघंही जिवंत! मी पेपर टाकून उशीत तोंड खुपसून रडले — ज्यांना कधी बघितलं नाही त्यांच्यासाठी.

६ मे

मागं ठेवलेल्याला गोवर उठलाच नाही. महिना झाला, ठणठणीत आहे. झाला नाही त्याला उतरवलं. मला झाला — आणि मी?

२ नोव्हेंबर

मुलगी! परवा पहाटे. डोळे स्वच्छ, काळेभोर. दिवा हलवला की बघते. डॉक्टरीणबाईंनी छातीला नळी लावून कितीतरी वेळ ऐकलं आणि हसल्या. "ठोके छान आहेत." हे रजा काढून आलेत, पोरीला हातात धरायला घाबरतात! आत्याबाईंनी देवीची ओटी भरली. जाऊबाई न्हाऊ घालतात, दुसऱ्या कुणाला हात लावू देत नाहीत. सुटले मी. खरंच सुटले.

१९ फेब्रुवारी १९७१

दुपारी पितळेचं घंगाळं तिच्या पाळण्याशेजारी फरशीवर पडलं. मी किंचाळले, जाऊबाई धावत आल्या. पोर मात्र आपल्या मुठीकडंच बघत होती. जाऊबाईंनी घंगाळं उचलून तिच्या पाठीमागं पुन्हा आदळलं. मग माझ्याकडं बघितलं.

तिसऱ्यांदा दोघींनीही वाजवलं नाही.