कंबरेपुढची टिंबे

टपाल नाका, पनवेल
ता. १२ मे १९९४

तीर्थस्वरूप बळीराम भाऊजींच्या पायांशी अवधूतचा साष्टांग नमस्कार.

इकडे आम्ही सगळे धडधाकट आहोत, आजारी आहे ते दुकान. आपली प्रकृती उत्तम असणारच. दिवाळीत पाहिली तेव्हा चांगली भरदार होती. ताईचा गुडघा आता जिना चढू देतो का, ते कळवावे. आपण आमच्या घराण्याचे जावई, आपल्यापुढे आवाज चढवण्याची माझी प्राज्ञा नाही, म्हणून सगळा आवाज या पत्रात घातला आहे. पत्र टपालात न टाकता उद्या पहिल्या एस.टी.ने शेजारच्या सुदामच्या हाती पाठवतो आहे (आपल्या आपटा गावी टपाल उशिरा पोचते, ही या आठवड्यातली एकमेव चांगली गोष्ट, का, ते खाली येईल).

विषय आपल्या चिरंजीवांचा आहे. केतन हुशार आहे हे मी आजवर प्रत्येक लग्नकार्यात दहा जणांना सांगत आलो. यापुढे सांगणार नाही. आपल्याला माहीत आहे, आमच्या नाक्यावर गेल्या वर्षी रेडिमेडचे काचेचे दुकान निघाले. तिथे पँट अंगाला बसली नाही तर माणसाने अंग बदलायचे, अशी पद्धत आहे. तरी गिऱ्हाईक तिकडेच. माझी दोन मशिने दिवसभर झाकलेली, आणि काळूराम (अठरा वर्षे माझा कटर, आपण ओळखता) कात्रीला नुसती धार लावत बसलेला. सगळी भिस्त विचुंब्याच्या महादेवशेटवर. त्यांच्या मुलाचे लग्न ठरले आहे आणि भाऊकीतल्या चाळीस जणांना एकाच ताग्यातले सफारी शिवायचे आहेत. ते काम आले तर दुकान राहते. नाही आले तर काळूरामला घरी बसवून मी शटर ओढतो, इतके ते सरळ आहे.

अशा वेळी केतन म्हणाला, मामा, सगळ्या गावाला एकच पत्रक वाटून काही होत नाही, ज्याला जे हवे तेवढेच त्याला कळवायचे. मापांचे रजिस्टर मी शिकतो त्या क्लासच्या कॉम्प्युटरवर चढवतो, मग अटी घालून हवी ती गिऱ्हाइके गाळून काढता येतात (चाळणीवर चाळणी ठेवावी तशी). ज्यांची कंबर दोन इंच वाढली त्यांना कार्ड, की जुन्या पँटी आमच्याकडे सैल करून मिळतील. जे वर्षभर फिरकले नाहीत त्यांनाही तेच. मला पटले. पटले ही माझी चूक, आणि एवढी एकच.

आता टिंबाचे सांगायला हवे. आमच्या धंद्यात मापाचा आकडा मोठ्याने सांगावा लागतो, कारण लिहिणारा लांब बसतो आणि मध्ये बाकावर चार माणसे असतात. चाळिशी उलटलेल्या माणसाला चारचौघांत ‘बेचाळीस’ ऐकवणे माणुसकीला धरून नाही. मी अडतीस सांगतो आणि टेपेवर टिचकी मारतो. जितक्या टिचक्या तितकी टिंबे काळूराम आकड्यापुढे देतो, आणि टिंबाला दोन इंच धरून कापड कापतो. पँट बसते, माणूस आरशात बघून खूश होतो. यात फसवणूक कुणाची झाली? (माझी तर नाहीच, कापड गिऱ्हाइकाचे.) तालुक्यातली किती प्रतिष्ठित पोटे या टिंबांवर उभी आहेत, याची नवीन पिढीला कल्पना नाही.

केतनला मी हे सगळे समजावले आणि तिसरी अट घातली: टिंबवाल्यांना कार्ड नको. तो हो म्हणाला. पुढे काय झाले ते त्याच्याच तोंडून ऐकले. पहिल्या दोन अटी एका कंसात घालायच्या होत्या (कंबर वाढली किंवा वर्षभर आले नाहीत), आणि कंसाबाहेर लिहायचे होते, ‘आणि टिंब नाही’. चिरंजीवांनी कंसच घातले नाहीत. कॉम्प्युटर म्हणे ‘आणि’ची जोडी आधी जुळवतो. त्यामुळे त्याने टिंब पाहिले ते फक्त न फिरकणाऱ्यांचे, आणि ज्यांची कंबर वाढली त्यांना टिंब असो नसो, सरसकट कार्ड. वर त्या यंत्राला टिंबाचे दोन इंच शिकवलेले, म्हणून कार्डावर बेरीज करून खरा आकडा छापलेला. दोनशे बारा कार्डे, भाऊजी, आणि सगळी उघडी. मी टाकण्याआधी पाहिली नाहीत का, असे आपण विचाराल. वरची तीन पाहिली, तिन्ही बरोबर होती. अहो, दोन कंसांना असे काय लागते? या पत्रात मी बघा किती सढळ हाताने घातले आहेत (आणि मी सातवी पास).

खारघरच्या भरतचे कार्ड त्याच्या बायकोच्या, दिपाच्या हाती पडले. त्या दिवसापासून त्याच्या भातावरचे तूप बंद आहे आणि तो दुकानासमोरून मान फिरवून जातो. एक निवृत्त हेडमास्तर कार्ड चुकीचे ठरवायला घरून फूटपट्टी घेऊन आले. फूटपट्टीने कंबर मोजता येत नाही हे त्यांना सांगण्याचे धाडस मला झाले नाही. महादेवशेटचे कार्ड तर व्याही मंडळी चहाला बसलेली असताना आले आणि व्याह्यांनीच ते वाचून दाखवले. चवेचाळीस. माझ्या रजिस्टरात अडतीस आणि तीन टिंबे.

मंगळवारी शेट चार माणसे घेऊन दुकानात आले. चाळीस सफारी मला रेडिमेडच्या काचेत लटकलेले दिसू लागले. शेट म्हणाले, “अवदूत, वीस वर्सं तू मना अडतीस सांगतोस. खरी किती हाय?” मी खरी सांगितली. त्यावर त्यांनी माझ्या गळ्यातली टेप काढली, मला हात वर करायला लावले आणि सगळ्यांसमोर माझीच कंबर मोजली. बेचाळीस. मी म्हटले टेप जुनी आहे, माझी छत्तीस, काळूराम दरवर्षी माप घेतो. रजिस्टर उघडले. माझे पान मी कधी पाहिलेच नव्हते. तिथे छत्तीस होते, आणि पुढे काळूरामच्या हातची तीन टिंबे. मी त्याच्याकडे पाहिले तर तो कात्री पुसत होता. राग आला, खोटे कशाला सांगू. पण अठरा वर्षे त्याने मला सांभाळून घेतले होते आणि त्याचेच काम वाचवता येईना म्हणून मी झुरत होतो. (रजिस्टर चढवताना केतननेही ती टिंबे पाहिली असणार, आणि बोलला नाही. एवढी एक गोष्ट त्याने न शिकवता बरोबर केली.)

शेट बाकावर बसून पोट धरून हसले. मग उठता उठता म्हणाले, “उंद्या ये चालीस जनांची मापां घ्याला. सगल्यांना टिंबां दे. पन कार्ड कोनाला नाय.”

म्हणजे काम मिळाले, काळूराम राहिला. पण ते केतनच्या यंत्रामुळे मिळाले, असे कृपा करून आपल्या घरात कुणी म्हणू नये. माझा राग आहे तसाच आहे.

आपला,
अवधूत

ता. क. केतनला रविवारी पाठवावे. चाळीस नवी मापे चढवायची आहेत. शिवाय कार्डे वाचून एकतीस जण जुन्या पँटी घेऊन आले (तोंड पाडून, पण आले), तेव्हा यंत्र सोडून चालणार नाही. येताना कंस घेऊन ये म्हणावे.

पुन्हा ता. क. मुख्य गोष्ट राहिलीच, जिच्यासाठी पत्र लिहायला बसलो. त्या दोनशे बारांत एक कार्ड आपल्या नावाचे आहे. मी पोस्टात जाऊन आलो. आपट्याची थैली उद्या दुपारी निघते आणि पेटीत पडलेले कार्ड ते परत देत नाहीत. तरी पोस्टमनच्या वेळी आपण स्वतः दारात उभे राहावे, ताईच्या हाती पडण्याआधी कार्ड घ्यावे आणि न वाचता चुलीत घालावे. त्यावर जे काही छापले आहे ते यंत्राचे म्हणणे आहे. आपली कंबर चौतीस आहे. मी स्वतः मोजलेली आहे.