कायमचा पत्ता

२३ एप्रिल २०२५
दिवसभर टीव्हीसमोर. पहलगाम! फिरायला गेलेली साधी माणसं हो ती! जेवण गेलं नाही. घरमालकीण चंद्राबाईंनी ताट परत नेलं आणि अर्ध्या तासाने पिठलं गरम करून पुन्हा आणलं. "उपाशी ऱ्हाऊन कुनाला धडा शिकिवणार तुमी?" घरमालकीण की सासू!

१ मे
ग्रामसभा. पहिला विषय पाण्याची टाकी — तीन वर्षं तोच. मी उठलो. म्हटलं, देशावर ही वेळ, आणि आपण टाकी धरून बसलोय! गावात बाहेरचे भाडेकरू किती, कुठले? सगळ्यांची पोलिसांत नोंद करा. नोंद नसेल त्याने आठ दिवसांत गाव सोडावं. टाळ्या! सरपंच दादासाहेब म्हणाले, "बंडोपंत, ठराव तुमीच लिवा, अक्षर झ्याक हाय." लिहिला. टाकी पुढच्या सभेला.
परतताना चंद्राबाई हंडा घेऊन बोअरवर चाललेल्या. मला पाहून तोंड फिरवून पुढे गेल्या.

१२ मे
हवालदार आला. चंद्राबाईंनी तीन भाडेकरूंची नावं दिली.
"आणि मागच्या खोलीत?"
मी दारातच दाढी करत होतो.
"त्ये व्हय? त्ये भाडेकरू न्हाईत. आमचं बंडोपंत हायेत."
पिरंगुटच्या कारखान्यात लागलो तेव्हापासून, चौदा वर्षं याच खोलीत. दर भाऊबीजेला ओवाळतात. मी बाहेरचा, हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं! मूर्खपणा!!
हवालदार म्हणाला, आठ दिवसांत फॉर्म द्या, नाहीतर गुन्हा मालकिणीवर. आणि फॉर्मला कायमचा पत्ता हवा. आधारवर परभणी. तिथलं घर भावाने केव्हाच विकलं, आता तिथे चपलांचं दुकान. तिथले पोलीस चौकशीला गेले की पत्ता खोटा ठरणार, संपलं.
चंद्राबाईंचा मुलगा किशोर पंचायतीत सदस्य आहे. त्याच्याकडे इथला रहिवासी दाखला मागितला, तर मान खाली घालून म्हणाला, "काका, ठराव तुमचाच हाय..."

१७ मे
ट्रंक भरली. भाडेकरूच नसेल तर गुन्हा कसला? या वयात या बाईला माझ्यापायी चौकी नको. फार माया लावली हिने.

१८ मे
ट्रंक पाहून चंद्राबाई तडक देवळात गेल्या. दादासाहेब, किशोर, सगळे पंच तिथेच बसलेले. मी मागे धावलो. बाई सभेत कधी तोंड न उघडणाऱ्या!
"बंडोपंत गावचे का बाहेरचे? बाहेरचे असतील तर त्येंनी मांडल्याला ठराव फाडा. गावचे असतील तर काढता कसं?"
मग दादासाहेबच आधी हसले. "नोंद ऱ्हाऊ द्या, गाव सोडायचं खोडू पुढच्या सभेत. आन् किशोर, पंतांचा रहिवासी दाखला कर."
मी पारावर बसून रडलो. लाज वाटली नाही.

२० मे
फॉर्म दिला. नोंद हवीच — मत बदललेलं नाही! कायमचा पत्ता लिहिला: चंद्राबाईंची मागची खोली. हवालदार म्हणाला, "काका, दोन्ही रकान्यांत एकच?" म्हटलं, एकच.
घरी आलो तर दारात रिकामा हंडा. "आता गावचे झालात न्हवं? मंग निघा बोअरवर. टाकी कुनी लांबिवली?"