नवरदेवाचा कान

१९ एप्रिल २००६, बुधवार

रेश्माचं जमलं! मुलगा मुठा गावचा, नाव शरदचंद्र. पिरंगुटला कंपनीत फिटर आहे. मिशी बरी, बोलणं कमी, कान मात्र भरपूर. पोह्यांच्या बशा मी नेऊन दिल्या आणि सगळा वेळ त्याच्या कानांकडेच बघत राहिलो. त्याला वाटलं असेल, हिचं डोकं फिरलंय.

कारण असं — लग्नात नवरदेवाचा कान पिळायचा मान नवरीच्या भावाचा. कान पिळून दम द्यायचा, की आमच्या बहिणीला नीट सांभाळ. मग नवऱ्याकडचे त्याला पोशाख देतात. आणि रेश्माला भाऊ नाही, असं आमचं सगळं भरे गाव समजतं. आप्पांना, म्हणजे गेणबाला, दोन मुलीच — थोरली कल्पना, धाकटी रेश्मा.

कल्पना म्हणजे मी. पण मी मुलगी नाही, मुलगा आहे, कळायला लागल्यापासून. हे या वहीला माहीत आहे आणि रेश्माला. ती सातवीत असताना तिला सांगितलं होतं. 'मला वाटलंच हुतं,' म्हणाली आणि चिंच खात बसली.

२० एप्रिल

तो कान मला पिळायचाय. लिहून टाकलं एकदाचं.

२३ एप्रिल, रविवार

सराव सुरू. आधी शेळीचा कान धरला. तिनं गुडघ्यावर असं काही शिंग हाणलं की दुपारपर्यंत लंगडत होतो. मग स्वतःचाच पिळून बघितला. अंगठा पुढून लावायचा की मागून? दोन्हीकडून केलं. कान लालभडक झाला. आईला वाटलं कान फुटला! लसणीचं कोमट तेल ओतलं, वर कापूस कोंबला. संध्याकाळपर्यंत अंगाला फोडणीचा वास.

२४ एप्रिल

मी कामाला जातो त्या कंपनीत आज सुपरवायझरनं तीनदा हाक मारली म्हणे. कापूस काढायचा राहिला होता.

२९ एप्रिल, शनिवार

आप्पांबरोबर पौडला मांडव ठरवायला गेलो. कंपनीची पॅन्ट-शर्ट अंगातच होती. आप्पांची मांडववाल्याशी घासाघीस लांबली, तेवढ्यात मी स्टँडजवळच्या सलूनमध्ये शिरलो. न्हाव्यानं मान वर न करता विचारलं, साइडलॉक ठेवायचे का उडवायचे. जसं कुणालाही विचारतात तसं! ठेवा म्हणालो. ठेवण्यासारखं काही नव्हतंच, पण त्यानं ठेवलं. मानेवर पावडर थापली, दोन चापट्या मारल्या, पुढचा या म्हणाला.

आरशात मी बरा दिसत होतो. खरंच बरा. एवढा आनंद झाला की रडू येईल म्हणून पंख्याकडे बघत बसलो.

घरी आईनं कपाळावर हात मारला. लग्नाच्या तोंडावर भादरून आली म्हणून रात्रीपर्यंत बोलली नाही. आप्पा एवढंच म्हणाले, उन्हाळा हाय.

३ मे

आज रेश्मानंच विषय काढला. आई अंगणात कुरडया घालत होती. कान थोरलीनं पिळायचा, असं रेश्मानं सरळ सांगून टाकलं. आई म्हणाली, भलतंच काय, चुलत्याचा दिग्विजय आहे की. दिग्विजयनं आतापर्यंत चार चुलतबहिणींचे नवरे पिळलेत. पॅन्टपीस मिरवत असतो.

"मला कावीळ झाली तवा पंधरा दिस उशाला कोन बसलं हुतं?" रेश्मा म्हणाली. "दिग्विजय?"

आईचा सोऱ्या थांबला. मग ती रडायला लागली. मुठ्याची माणसं काय म्हणतील, मांडवातून माघारी गेली तर रेश्माचं काय होईल, असं सगळं बोलली. आणि माझा हात धरून म्हणाली, "एक दिस साडी नेस. माज्यासाठी."

हो म्हणालो. आईचा राग येत नाही. ती खरोखर घाबरली आहे. चाळीस वर्षं याच लोकांत राहिली आहे ती. पण वाईट वाटलं. लई वाईट वाटलं.

९ मे

साडीत चालायचा सराव. यापेक्षा शेळी बरी होती.

११ मे, गुरुवार. लग्न

मोरपंखी साडी, अकरा पिना. पदर आमटीच्या पातेल्यात एकदा, मांडवाच्या दोरीत एकदा. वरमाय म्हणाली, थोरली उंचीला चांगली आहे. दुसरं काय म्हणणार बिचारी!

भटजींनी नवरीच्या भावाला बोलावलं. आणि मी उठलो! ठरवलं नव्हतं, पाय आपोआप उठले. पण पदरावर शेजारच्या रंभाबाई बसल्या होत्या, झटक्यासरशी परत खाली आपटलो. तेवढ्यात दिग्विजय पोचला सुद्धा. बाह्या सरसावून उजवा कान असा पिळला की शरदचंद्र कळवळला. सगळा मांडव हसला. रेश्मा हसली नाही, ती माझ्याकडे बघत होती.

मी आचाऱ्यांच्या मागे जाऊन रडलो. रंभाबाई जिलब्यांची पत्रावळ घेऊन आल्या. "साडीत तू म्हशीला घुंगरं बांदल्यावानी दिसतुयास," म्हणाल्या, "जेव आता." बाई बसून राहिल्या संपेपर्यंत. सहा खाल्ल्या.

१३ मे

घर रिकामं. केस वाढू देणार नाही.

१६ मे, मंगळवार

आज रेश्मा आणि जावई पाचपरतावणाला आले. मी पॅन्ट-शर्टात होतो, मागच्या दारानं सटकणार होतो. जावयांनी चहाचा कप ठेवला, उठले आणि माझ्यासमोर ओसरीवर मांडी घालून बसले.

"रेश्मा म्हनली, घरचा भाऊ राह्यलाय," ते म्हणाले. "उजवा त्येंनी पिळला. डावा तुमचा." आणि मान वाकडी करून डोळे मिटून घेतले.

मी आईकडे बघितलं. ती दारात उभी होती. रेश्माकडे बघितलं तिनं, मग जावयाच्या कानाकडे, मग माझ्याकडे.

"पीळ की," आई म्हणाली. "जोरात."